गरम झाल्यावर सुरू न होणारी एफआय गाडी: ईसीयू बदलण्याआधी रस्त्यावरच काय तपासायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. दोनशे सीसीची ऑफरोड गाडी, २०२१ ची, एफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी. सकाळी गडचिरोलीतल्या एटापल्लीतून निघताना एका सेल्फमध्ये सुरू होते. आलापल्लीला पोचून चहाला थांबलात आणि दहा मिनिटांनी सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. वीस मिनिटं, अर्धा तास गेला की काही झालंच नव्हतं अशी सुरू. चंद्रपूरला नेली, तिथं प्लग बदलला, इंजेक्टर साफ केला, पंप बदलला. दुखणं तिथंच. आता ते ईसीयू (ठिणगी आणि पेट्रोल सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर) बदला म्हणून राहिले आणि तुम्ही विचारता, घालू का एवढे पैसे?

आत्ता नका घालू. ईसीयू बिघडतच नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत खरी अडचण ईसीयूची नाही, पंपाचीही नाही. बिघाड असतो तेव्हा गाडी रस्त्यावर असते आणि मेकॅनिकसमोर येते तेव्हा ती ठणठणीत असते, ही खरी अडचण आहे. चोर निघून गेल्यावर घराची झडती घ्यावी तसं चाललंय. थंड गाडीवर सगळी मापं बरोबर येतात, मग अंदाजानं एकेक पार्ट बदलत बसायचं. म्हणून ती वीस मिनिटं वाया घालवू नका. चहा पीत वाट बघण्याऐवजी त्याच वेळात गाडीला पाच प्रश्न विचारा. त्यासाठी वर्कशॉप लागत नाही. एक प्लग पाना, एक जुना पण चालू प्लग, एक फडकं, पाण्याची बाटली आणि जमलं तर साधा मल्टीमीटर.

तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, त्यामुळे वायरचे रंग आणि ओहमचे नेमके आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलवरून घ्यावे लागतील. तपासायची रीत मात्र सगळ्या एफआय सिंगल सिलिंडर गाड्यांना सारखीच.

गाडी अडली की पहिल्यांदा सेल्फ मारू नका. चावी बंद करा, किल स्विच चालू आहे ना बघा, आणि चावी परत चालू करून कान द्या. टाकीतून दोन-तीन सेकंद ‘झूंऽऽ’ असा आवाज यायला हवा. तो पंप लाइनमध्ये प्रेशर भरतोय. त्याच वेळी मीटरवरचा चेक लाइट (एफआयचा बिघाड दाखवणारा दिवा) लागायला हवा. आवाजच आला नाही तर पंपाचा फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), किंवा पंपाच्या कप्लरपर्यंतची (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडापर्यंतची) वायर, एवढ्यातच काहीतरी आहे. रिले गरम झाल्यावर दगा देतो, हे बऱ्याचदा दिसतं. बऱ्याच गाड्यांत सीटखाली सारखेच दोन-तीन रिले असतात. नंबर सारखा असेल तर अदलाबदल करून बघायला दोन मिनिटं लागतात.

आवाज आला तर मोटर फिरते एवढंच सिद्ध झालं. प्रेशर आहे की नाही, ते अजून माहीत नाही. हा फरक पुढे लागेल.

आता सेल्फ मारा, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि त्या वेळी आरपीएमच्या आकड्याकडे बघा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम थोडा तरी हलतोय, दोन-तीनशे दाखवतोय, की शून्यावर मेल्यासारखा पडून आहे? सगळ्याच मीटरवर हे दिसेल असं नाही. त्यासाठी सकाळी थंड गाडी सुरू करताना एकदा बघून ठेवा, की चांगल्या वेळी सेल्फवर तो आकडा हलतो का. सकाळी हलतो आणि आलापल्लीत हलत नाही, असं असेल तर माझं अर्धं काम झालं.

कारण सांगतो. क्रँक किती अंशावर आहे हे ईसीयूला सांगणारा एक सेन्सर मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या, वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) कव्हरमध्ये असतो. आपल्याकडे सगळे त्याला पिकअप कॉइल म्हणतात. त्याच्या आत केसासारख्या तारेचे शेकडो वेढे असतात. कुठं तार आतून तडकलेली असेल, तर थंड असताना टोकाला टोक टेकलेलं असतं, गरम झाल्यावर सगळं फुगतं आणि टोकं सुटतात. सिग्नल गेला की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग तो ठिणगीही देत नाही, इंजेक्टरही उघडत नाही. दोन्ही एकदम जातात. थंड झालं की तार परत जुळते, गाडी सुरू. तुमच्या तक्रारीशी हे इतकं जुळतं, की माझा पहिला संशय इथंच आहे. चेक लाइट लागला नाही म्हणून हा संशय सोडू नका. क्रँकचा सिग्नलच आला नाही तर बऱ्याच गाड्यांचा ईसीयू ‘इंजिन बंद आहे’ एवढंच समजतो, त्याला त्यात चूक दिसत नाही.

ठिणगी बघायची ती अशी. जुना प्लग कॅपमध्ये घाला, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला, रंग नसलेल्या बोल्टला, घट्ट टेकवा आणि सेल्फ मारा. इंजिनमधला प्लग आतच राहू द्या, काढू नका. भोक उघडं ठेवलं तर पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारी ठिणगी उडते, पेट घ्यायला तेवढं पुरतं. हातात धरूनही बघू नका, एफआयच्या कॉइलचा झटका जुन्या गाड्यांपेक्षा जबर असतो. ठिणगी निळी, कडक आणि एकसारखी हवी. उन्हात दिसत नाही, सावलीत घ्या.

ठिणगी नाही आणि आरपीएम मेलेला, असं निघालं तर मग ओल्या फडक्याची परीक्षा करा. फडकं पाण्यात भिजवून पिळा आणि मॅग्नेटच्या कव्हरवर ठेवा. बहुतेक गाड्यांत ते डाव्या बाजूला, गिअर लिव्हरच्या वर असतं. दर अर्ध्या मिनिटाला परत भिजवून ठेवा. बाटली थेट ओतू नका, तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी चांगलं नाही आणि ते कप्लरमध्येही जातं. एरवी वीस मिनिटं लागतात ती गाडी पाच-सात मिनिटांत सुरू झाली, तर पिकअप कॉइल जवळजवळ पकडली गेली. दुसऱ्या दिवशी तेच फडकं मॅग्नेटऐवजी इंजेक्टरवर आणि पेट्रोलच्या नळीवर ठेवून बघा. कोणत्या दिवशी गाडी लवकर उठली, यावरून दुखणं कुठल्या बाजूला आहे ते कळतं. दोन्ही दिवशी एकदम दोन्हीकडे फडकी ठेवाल, तर काहीच कळणार नाही.

मल्टीमीटर असेल तर पिकअप कॉइलचा कप्लर काढून ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत आकडा शंभर ते तीनशेच्या आसपास असतो, नेमका मॅन्युअलमध्ये मिळेल. पण मोजा गरम असताना, गाडी अडलेली असताना. थंड असताना फुटकी कॉइलसुद्धा बरोबर आकडा दाखवते. चंद्रपूरला कॉइल मोजली असेलही, आणि ती बरोबरच आली असेल.

आणि कॉइल बदलायच्या आधी तो कप्लर डोळ्यासमोर धरून नीट बघा. तुमच्या रस्त्यावर सुरजागडच्या खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आहे, पावसाळ्यात चिखल आहे, आणि गाडी धुतली जाते ती वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यानं. ती धूळ पाण्याबरोबर कप्लरच्या रबरी सीलमागे जाऊन बसते. पिनेच्या मुळाशी हिरवट बुरशीसारखा थर दिसला, किंवा बाहेरून घट्ट वाटणारी वायर हलकी ओढल्यावर पिनेसकट मागे सरकली, तर पार्ट चांगला आहे, जोड खराब आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, मऊ दातब्रशनं घासा, पिन बारीक टाचणीनं थोडी आवळा आणि वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस (विजेच्या जोडांसाठीचं ग्रीस) लावा. साधं ग्रीस नको. मग वायर कुठं फ्रेमला किंवा सायलेन्सरच्या पाइपला घासते का ते बघा. हँडलच्या मानेजवळ गठ्ठा वळतो, तिथंही वायरी आतून तुटतात. गाडी आयडलवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. आवाज चुकला, बंद पडली, तर दुखणं मानेजवळ आहे. आपल्याकडं अजून एक गिऱ्हाईक असतं, उंदीर. गाडी धानाच्या कोठीत किंवा गोठ्याजवळ लावत असाल तर सीटखालच्या वायरी नुसत्या बघू नका, बोटानं चाचपा.

ठिणगी चांगली निघाली, तर मग गोष्ट पेट्रोलवर आली. आणि इथं नवा पंप बसवला म्हणजे पेट्रोलचा प्रश्न मिटला असं धरू नका.

पेट्रोलमधला सगळ्यात हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांनाही उकळायला लागतो. लाइनमध्ये साधारण तीन बार प्रेशर असतं तोवर तो उकळत नाही. गाडी बंद केल्यावर हे प्रेशर पंपातल्या एका छोट्या वाल्वनं धरून ठेवायचं असतं. तो वाल्व गळका असेल, टाकीच्या आतली नळी चिरलेली असेल किंवा प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरची ओ-रिंग (रबरी कडी) वाळलेली असेल, तर प्रेशर उतरतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर असतो, वरून बंद केलेल्या इंजिनची धग टाकीला आणि नळीला लागत असते. नळीत वाफ भरते. इंजेक्टर उघडतो, पण पेट्रोलऐवजी वाफ फेकतो. निवलं की सुरळीत.

ओळखायची सोपी खूण: चावी चालू करा, पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा, परत चालू करा. असं चार-पाच वेळा केल्यावर मगच सेल्फ मारा. त्यानं गाडी सुरू झाली तर प्रेशर टिकत नाही हे धरून चाला. मग चंद्रपूरवाल्यांना एकच विचारा: ‘पूर्ण मॉड्यूल बदललं की फक्त मोटर?’ मॉड्यूल म्हणजे मोटर, रेग्युलेटर, नळी, जाळी असा टाकीतला अख्खा संच. बाजारात सुटी मोटर मिळते, ती जुन्या मॉड्यूलमध्ये बसवतात. चुकीचं नाही ते, स्वस्तही पडतं, पण रेग्युलेटर, नळी, ओ-रिंगा, जाळी जुनीच राहते. प्रेशर गेज लावून गाडी बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो हे बघणं हीच खरी परीक्षा. गेज कुणाकडे तरी असतोच, मागा. नळी काढताना आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. भरलेल्या प्रेशरची नळी उपटली तर पेट्रोल डोळ्यांत येतं.

टाकीबद्दल दोन शब्द. एटापल्लीच्या आतल्या गावांत किराणा दुकानातून बाटलीतलं पेट्रोल सगळेच भरतात. अडचण असते, मी नाक मुरडत नाही. पण त्या पेट्रोलचं वय कुणाला ठाऊक नसतं, आणि पावसाळ्यात त्यात पाणी असतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पिऊन घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि पंप तर तळातूनच ओढतो. देशात ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल पंपांवर यायला लागलं २०२३ मध्ये, तुमची गाडी त्याच्या आधीची. त्यामुळे टाकीतली रबरी नळी आणि ओ-रिंगा नक्की तपासा. आणि टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी वेगळी रेघ किंवा लाल गाळ दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. झाकणाभोवती पावसाचं पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं. चिखलानं ते बुजतं आणि पाणी झाकणातून आत उतरतं. तार घालून मोकळं करा. एवढंसं काम, पण कुणी करत नाही.

आता उलटी शक्यता. पेट्रोल कमी नाही, जास्त होतंय. अडलेल्या गाडीजवळ कच्च्या पेट्रोलचा वास येतोय का, इंजिनमधला प्लग काढल्यावर ओला आहे का? (हा प्लग ठिणगीची परीक्षा संपवून, चावी बंद करून, मगच काढा.) ओला असेल तर माझा संशय तापमानाच्या सेन्सरवर जातो. इंजिन थंड असताना ईसीयू जास्त पेट्रोल देतो, कार्बोरेटरच्या गाडीला आपण चोक ओढायचो त्याचं काम आता तोच करतो. सेन्सर गरम इंजिनलाही थंड सांगत राहिला, तर चोक ओढलेलाच राहतो. आकडा शक्यतेच्या हद्दीत असतो म्हणून चेक लाइट लागत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरून सेल्फ मारून बघा. बऱ्याच ईसीयूंना पूर्ण पिळलेलं ॲक्सिलरेटर म्हणजे ‘पेट्रोल थांबव, सिलिंडर मोकळा होऊ दे’ असा इशारा असतो. असं करून भडभडत, काळा धूर टाकत सुरू झाली, तर हाच सेन्सर.

तो घरी तपासता येतो. काढून त्याचं टोक गरम पाण्याच्या भांड्यात बुडवा, कप्लरची बाजू कोरडी ठेवा आणि ओहम बघा. थंड असताना साधारण दोन-अडीच हजार ओहम, पाणी तापत जाईल तसा आकडा खाली खाली यायला हवा, उकळीजवळ काहीशेवर. उतरताना मध्येच उडी मारली किंवा एका ठिकाणी अडकला तर सेन्सर गेला. पंपाच्या मानानं हा पार्ट बराच स्वस्त. ऑइल कूलरची गाडी असेल तर तो कूलर आणि इंजिनच्या फिनाही बघा. काळ्या मातीचा चिखल वाळून तिथं दगड होतो, मग इंजिन खरंच जास्त तापतं आणि वर सांगितलेलं प्रत्येक दुखणं वाढतं.

ठिणगी आहे, पेट्रोल बरोबर आहे, प्लग ओला नाही, तरी पकडत नाही? मग टॅपेट, म्हणजे वाल्व आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली ठरलेली फट. हे एफआयचं दुखणं नाही म्हणून लोक विसरतात. धुळीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वेळेवर साफ झाला नाही की बारीक धूळ आत जाते, वाल्व आणि सीट घासतात, टॅपेटची फट कमी होते. गरम झाल्यावर वाल्व पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. खूण कानाला कळते: गरम असताना सेल्फवर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरतं. टॅपेटची फट मात्र पूर्ण थंड इंजिनवरच मोजायची, रात्रभर ठेवलेल्या गाडीवर, सकाळी. तुम्ही लिहिलेल्या कामांच्या यादीत टॅपेट कुठं दिसलं नाही. पिकअप कॉइलच्या खालोखाल माझा संशय इथं आहे.

बॅटरी आणि स्विचांचं पटकन सांगतो. तुमचं इंजिन फिरतंय, म्हणजे स्टँड किंवा क्लचचा स्विच बहुधा नाही. बॅटरीचे टर्मिनल मात्र आवळा, खडबडीत रस्त्यावर ढिले होतात. सेल्फ मारताना मीटरचा डिस्प्ले विझून परत लागत असेल, किंवा व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली जात असेल, तर इंजिन फिरूनही ईसीयू झोपतो. गाडी वाटेत पडली असेल तर पडण्याचा सेन्सर पेट्रोल तोडतो. गाडी उभी करून चावी एकदा बंद-चालू केली की तो सुटतो. धक्का मारून सुरू करण्याच्या भानगडीत पडू नका. एफआय गाडीला पंप आणि ईसीयूसाठी करंट लागतोच, मेलेल्या बॅटरीवर ढकलून फक्त दम लागतो.

ईसीयूकडे वळायची वेळ कधी? पिकअप कॉइलचा सिग्नल गरम असताना येतोय, ईसीयूला बारा व्होल्ट आणि पक्की अर्थिंग मिळतेय, सगळे कप्लर स्वच्छ आहेत, आणि तरी गरम असताना ठिणगी आणि इंजेक्टर दोन्ही बंद, तेव्हा. आतल्या सोल्डरला तडा गेला तर ईसीयूही गरम झाल्यावरच दगा देतो, हे खरं आहे. पण तेव्हाही नवा विकत घेण्याआधी त्याच मॉडेलचा, त्याच सालाचा दुसऱ्या कुणाच्या गाडीचा ईसीयू एका दिवसासाठी लावून आलापल्लीपर्यंत जाऊन या. सर्व्हिसवाल्यांनी स्कॅनर लावला होता का, तेही विचारा. बीएस६ (२०२० पासूनच्या) गाड्यांत सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे त्याचा कप्लर असतो. लावला असेल तर बिघाडाचे कोणते कोड आले ते लिहून मागा. ‘काही आलं नाही’ हे उत्तरही कामाचं आहे, पिकअप कॉइल आणि टॅपेट दोन्हींवरचा संशय वाढवतं.

पुढच्या वेळी गाडी अडली की तिथंच वहीत पाच गोष्टी लिहा: पंप वाजला का, आरपीएम हलला का, ठिणगी होती का, प्लग ओला की कोरडा, आणि सेल्फवर इंजिन जड फिरलं की हलकं. या पाच उत्तरांसोबत गाडीचं मॉडेल आणि टॅपेट शेवटचं कधी बघितलं ते इथंच कळवा. ती वही चंद्रपूरच्या मेकॅनिकलाही दाखवा, त्यालाही आतापर्यंत कुणी हे सांगितलेलं नसेल. आणि तोवर दुपारी आलापल्लीत थांबलात तर गाडी उन्हात लावू नका, दुर्गम गावात एकटं जायचं असेल तर इंजिन बंद न करता काम उरकून निघा.